विश्लेषण : पोटाची चिघळलेली जखम आणि ‘व्हॅक’ ड्रेसिंग… जालन्याला यंत्र हवे की यंत्रणा?

मस्तगड (जालना) : पोटाचे तातडीचे ऑपरेशन पार पडते, जीव वाचला म्हणून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि पाच-सहा दिवसांनी टाक्यांतून पू झिरपू लागतो. मग टाके उघडावे लागतात, जखम तशीच उघडी ठेवावी लागते आणि लांबची लढाई सुरू होते. ती काही तासांत संपत नाही, अनेक आठवडे चालते. अशा वेळी ‘व्हॅक लावू या’ हा सल्ला नातेवाइकांच्या कानावर पडतो. स्पंज, पारदर्शक पट्टी, नळी आणि पंप यांवर चालणारी ही पद्धत नेमकी काय आहे, ती कुठे उपयोगी पडते, कुठे घातक ठरते आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातील सामान्य रुग्णापर्यंत ती नीट पोहोचवायची तर काय बदलावे लागेल, याचा हा आढावा.

पोटाची जखम चिघळते म्हणजे नेमके काय होते?

पोटाची भिंत थरांची असते. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, त्याखाली स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारा पांढरा चिवट पडदा. आतडी या पडद्याच्या आत सुरक्षित असतात. ऑपरेशननंतर सर्जन हे थर शिवून बंद करतो. पोटाचा भार पेलते ती या चिवट पडद्याची शिवण. त्वचेचे टाके फक्त वरचे झाकण असतात.

अपेंडिक्स फुटलेले असेल, टायफॉइडने किंवा अल्सरने आतड्याला वा जठराला छिद्र पडले असेल, बैलाने शिंग मारले असेल किंवा अपघातात आतडे फाटले असेल, तर पोटात आधीच घाण पसरलेली असते. अशा ऑपरेशननंतर जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता मोठी असते. हा दोष दरवेळी डॉक्टरचाच असतो असे नाही. ६६ देशांतील १२,५३९ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण प्रगत देशांत ९.४ टक्के, मध्यम विकसित देशांत १४ टक्के, तर कमी विकसित देशांत २३.२ टक्के आढळले. मधुमेह, कुपोषण, रक्तक्षय, तंबाखू, लठ्ठपणा आणि रुग्णालयात पोहोचायला झालेला उशीर या गोष्टी त्यात भर घालतात.

चिघळलेल्या जखमेचे ढोबळ तीन प्रकार करता येतात. पहिल्यात त्वचा आणि चरबी उघडी असते, पण खालचा चिवट पडदा शाबूत असतो. दुसऱ्यात हा पडदाही उसवतो. जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहू लागले तर तो याचाच इशारा असतो आणि तेव्हा घरी थांबणे जिवावर बेतू शकते. तिसऱ्यात आतडी उघडी पडलेली असतात किंवा आतड्याला छिद्र पडून जखमेतून विष्ठा अथवा पित्त येऊ लागते. पुढची सगळी चर्चा या तीन प्रकारांतील फरक लक्षात ठेवूनच करावी लागते. पहिल्या प्रकारात जे सोपे, ते तिसऱ्यात धोक्याचे असू शकते.

नेहमीच्या ड्रेसिंगमध्ये अडते कुठे?

पारंपरिक पद्धतीत जखम सलाइनने धुतात, ओला गॉज भरतात, वर कोरडे पॅड आणि चिकटपट्टी लावतात. छोट्या जखमेला हे पुरेसे असते. पण तळहाताएवढी खोल जखम असेल आणि तिच्यातून सतत पाणी येत असेल तर पॅड काही तासांत भिजते. दिवसातून दोन-तीन वेळा ड्रेसिंग करावे लागते. दरवेळी वेदना, दरवेळी नर्सचा वेळ, दरवेळी गॉज ओढताना नवे कोवळे मांस निघून येण्याची भीती. भोवतीची कातडी पाण्याने सोलवटते. अंथरूण भिजते, वास येतो. रुग्णाला त्याची लाज वाटते, तो जेवण कमी करतो. आणि जेवण कमी झाले की जखम भरणे आणखी लांबते.

अशी जखम भरून यायला अनेक आठवडे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तेवढे दिवस एक कमावता माणूस खाटेवर आणि दुसरा त्याच्या उशाशी असतो. कापूस वेचणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत हे घडले तर वर्षाचे गणित बिघडते. म्हणून जखम आठवडाभर आधी भरली तरी त्या घराला त्याचे मोल असते.

‘व्हॅक’ काम कसे करते?

‘निगेटिव्ह प्रेशर वूंड थेरपी’ हे या पद्धतीचे वैद्यकीय नाव. मराठीत ऋण दाबाचे ड्रेसिंग म्हणता येईल. वॉर्डात तिला ‘व्हॅक’ किंवा ‘व्हॅक्यूम ड्रेसिंग’ म्हणतात. जखम साफ केल्यानंतर तिच्या आकाराचा निर्जंतुक स्पंज कापून आत बसवतात. त्यावर पारदर्शक चिकट पट्टी लावून सगळे हवाबंद करतात. पट्टीला छोटे भोक पाडून नळी जोडतात. नळीचे दुसरे टोक पंपाला, मध्ये पाणी गोळा करणारा डबा. पंप सुरू झाला की स्पंज आक्रसून कडक होतो आणि जखमेतला स्राव डब्यात जाऊ लागतो.

ओढ किती? साधारण १२५ मिलिमीटर पारा एवढी. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर धरला तर त्याच्या सुमारे एक षष्ठांश. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर एवढी ओढ नळीत पाणी १.७ मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीइतके वर चढवू शकते. ऐकायला फार वाटत नाही, पण ती चोवीस तास चालू असते.

ओढून बाहेर काढण्याची कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. तुंबडी लावणारे गावोगाव फिरत असत आणि सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा यांनी रक्त काढण्याचे वर्णन आहे. मात्र व्हॅक म्हणजे आधुनिक तुंबडी नव्हे. तुंबडीत रक्त काढणे हाच हेतू असतो. व्हॅकमध्ये डब्यात रक्त दिसले तर तो धोक्याचा इशारा असतो.

या ओढीने चार गोष्टी साधतात. जखमेच्या कडा एकमेकींकडे खेचल्या जातात. साचलेला स्राव निघून गेल्याने सूज उतरते. स्पंजाच्या बारीक छिद्रांपाशी पेशींवर ताण येतो आणि त्यामुळे नव्या, लाल, दाणेदार मांसाची वाढ जोर धरते. शिवाय जखम ओलसर पण बंदिस्त राहते, बाहेरची घाण आत जात नाही आणि आतली अंथरुणावर येत नाही. ड्रेसिंग सहसा ४८ ते ७२ तासांनी बदलतात. संसर्ग जास्त असेल तर त्याहून लवकर.

ही पद्धत आली कुठून?

तिचा जन्म एका प्रयोगशाळेत, एका दिवशी झाला नाही. अमेरिकेत चॅरिकर आणि जेटर यांनी १९८९ मध्ये पोटाच्या जखमेतून आतड्याचा स्राव येणाऱ्या रुग्णांसाठी गॉज, चपटी नळी आणि भिंतीवरचे सक्शन वापरून बंद ड्रेसिंग केल्याचे लिहिले. म्हणजे सुरुवातीच्या प्रयोगांतही पोटाच्या अवघड जखमा होत्या. जर्मनीत फ्लाइशमन यांनी १९९३ मध्ये उघड्या फ्रॅक्चरसाठी स्पंज वापरला. १९९७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाचे सर्जन लुई अर्जेंटा आणि संशोधक मायकेल मोरिक्वास यांनी डुकरांवरील प्रयोग आणि ३०० जखमांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिल्याचे त्यांनी नोंदवले. १२५ मिलिमीटरचा आकडा तेव्हापासून रूढ झाला.

याच काळात उघड्या पोटासाठी गरिबांची एक युक्तीही जगभर गेली. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील सर्जन ओस्वाल्दो बोराएस यांनी १९८४ मध्ये सलाइनच्या प्लास्टिक पिशवीने उघडे पोट झाकले. ‘बोगोटा बॅग’ या नावाने ती आजही ओळखली जाते. महाग यंत्र नसेल तर काहीच करता येत नाही, हा समज तिनेच खोटा ठरवला.

पुरावा काय सांगतो?

३०० पैकी २९६ हा आकडा भुरळ पाडणारा आहे. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पोटाच्या जखमांसाठी अधिक कसोशीची चाचणी २०२० मध्ये ‘जामा सर्जरी’त प्रसिद्ध झाली. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्समधील ३४ रुग्णालयांत, ऑपरेशननंतर न भरणाऱ्या पोटाच्या जखमा असलेले पण खालचा चिवट पडदा शाबूत असलेले रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. ४२ दिवसांत जखम पूर्ण बंद झाली ती व्हॅक गटात ३५.९ टक्के रुग्णांची आणि नेहमीच्या ड्रेसिंगच्या गटात २१.५ टक्के रुग्णांची. बंद होण्याचा सरासरी कालावधी ३६.१ आणि ३९.१ दिवस. जखमेशी संबंधित त्रास मात्र व्हॅक गटात जास्त नोंदवले गेले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. सात रुग्णांना व्हॅक लावले तर नेहमीच्या ड्रेसिंगच्या तुलनेत साधारण एक जास्तीची जखम सहा आठवड्यांत बंद होते. हा फायदा खरा आहे. पण व्हॅक लावूनही दहापैकी सहांहून अधिक रुग्णांची जखम त्या मुदतीत बंद झाली नव्हती. ‘आठवड्यात जखम भरते’ असे सांगून कोणी यंत्र विकत असेल तर तो पुराव्यापलीकडचे बोलतो आहे.

दुसरा धडा बंद जखमांचा. तातडीच्या पोटाच्या ऑपरेशननंतर शिवलेल्या टाक्यांवरच, संसर्ग होऊ नये म्हणून, व्हॅक लावावे का, याची चाचणी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ८४० रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाली. संसर्गाचे प्रमाण व्हॅक गटात २८.३ टक्के आणि साध्या ड्रेसिंगच्या गटात २७.४ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. ज्या जखमा शिवून बंद आहेत, त्या सगळ्यांवर सरसकट यंत्र लावण्यात सरकारचा किंवा रुग्णाचा पैसा घालण्याचे कारण नाही. तो पैसा उघड्या, पाझरणाऱ्या, चिघळलेल्या जखमांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

पंप लावला की संसर्ग बरा होतो का?

नाही. आणि हाच सर्वांत मोठा गैरसमज आहे. सडलेला, काळा पडलेला भाग आधी कापून काढावा लागतो. पोटात कुठे पू साचला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. आतडे गळत असेल तर त्याचा बंदोबस्त करावा लागतो. जखमेतील नमुना तपासून योग्य अँटिबायोटिक, गरज असेल तरच, द्यावे लागते. साखर आटोक्यात आणावी लागते. हे न करता वरून स्पंज आणि पट्टी लावणे म्हणजे तुंबलेल्या गटारावर फरशी टाकण्यासारखे. वरून स्वच्छ दिसते, आत कुजत राहते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणांबाबत २००९ आणि २०११ मध्ये इशारे दिले. २००७ पासून चार वर्षांत १२ मृत्यू आणि १७४ इजांच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. सर्वांत गंभीर प्रकार रक्तस्रावाचा होता. स्पंजाचा तुकडा जखमेत राहून गेल्याच्या आणि त्यामुळे संसर्ग वाढल्याच्याही तक्रारी होत्या. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की बरेच मृत्यू घरी किंवा दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या केंद्रांत झाले. यंत्र तेच होते. लक्ष ठेवणारे प्रशिक्षित डोळे जवळ नव्हते.

जखमेत सडका भाग शिल्लक असेल, कर्करोगाची गाठ असेल, रक्तवाहिनी, मज्जातंतू किंवा आतड्याचा ताजा जोड उघडा असेल, तर हे ड्रेसिंग लावायचे नसते. आतडी उघडी असतील तर स्पंज थेट त्यांवर कधीच ठेवत नाहीत. मध्ये न चिकटणारा, छिद्रे असलेला संरक्षक पडदा पसरावा लागतो. नाहीतर आतड्यालाच भोक पडू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेष सावधगिरी लागते. उघड्या आतड्यांचे प्रकरण हे अनुभवी सर्जन, अतिदक्षता विभाग आणि पुन्हा ऑपरेशन करण्याची सोय असलेल्या ठिकाणचेच काम आहे.

महाग यंत्राशिवाय जमते का?

जमते, पण अटींवर. कंपन्यांचे पंप सहसा भाड्याने मिळतात आणि प्रत्येक बदलाला लागणाऱ्या स्पंज-पट्टीच्या किटचा खर्च वेगळा पडतो. त्यामुळे भारतातल्या अनेक रुग्णालयांत सर्जन निर्जंतुक केलेला फोम, साधी सक्शनची नळी, चिकट पारदर्शक पट्टी आणि भिंतीवरचे सक्शन वापरून हेच काम करतात. २०१० मध्ये हैतीतील भूकंपानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंता डॅनिएल झुरोव्हचिक यांनी विजेशिवाय, भात्यासारखा दाबून चालणारा पंप तिथल्या जखमींसाठी नेला. तो बनवण्याचा खर्च सुमारे तीन डॉलर होता.

तत्त्व सोपे आहे. अवघड आहे ते नियंत्रण. भिंतीवरचे सक्शन नियंत्रकाशिवाय जोडले तर ओढ १२५ ऐवजी कित्येक पट होऊ शकते आणि जखमेतून रक्त येऊ शकते. गादीच्या दुकानातला फोम आणून उकळून वापरला तर त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतीलच असे नाही, तुकडे तुटून जखमेत राहण्याचा धोका असतो. पट्टी एका जागी सुटली की हवा शिरते, ओढ संपते आणि ओला स्पंज जंतूंचे घर बनतो. म्हणून नियम असा आहे की दिवसभरात एकूण दोन तासांहून अधिक काळ ओढ बंद राहिली तर स्पंज काढून साधे ओले ड्रेसिंग लावायचे. ग्रामीण भागात वीज जाते, हे गृहीत धरूनच याची आखणी करावी लागते.

देशी जुळणीला नाके मुरडण्याचे कारण नाही. चिवट पडदा शाबूत असलेल्या जखमेत, दाब दाखवणारा नियंत्रक लावून, लिखित नियमांनुसार ती केली तर ती उपयोगी आहे. मात्र ‘जुगाड’ आणि ‘कमी खर्चाची पद्धत’ यांत नोंदवहीचा फरक असतो. दाब किती होता, स्पंजाचे किती तुकडे घातले, किती काढले, हे लिहिलेले असेल तर ती पद्धत. नसेल तर तो नशिबाचा खेळ.

जालन्यात प्रश्न नेमका कुठे आहे?

कुंडलिका नदीकाठचे मस्तगड म्हणजे जालन्याचा जुना भाग. १७२५ मध्ये आसफजाहच्या आदेशाने काबिलखानाने बांधलेल्या गढीवरून त्याला हे नाव पडले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या तालुक्यांतून गंभीर रुग्ण जालना शहरात येतो आणि अवघड झाले की त्याला छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयाचा रस्ता दाखवला जातो. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे हा रस्ता कमी रुग्णांना धरावा लागावा, ही अपेक्षा रास्त आहे.

आता साधा हिशेब करू. ४२ दिवस व्हॅक चालले आणि दर ४८ ते ७२ तासांनी स्पंज बदलला, तर १४ ते २१ वेळा ड्रेसिंग होईल. जालना ते संभाजीनगर अंतर साधारण ६० किलोमीटर. रुग्णाला घरी सोडून प्रत्येक बदलासाठी तिकडे बोलावले, तर पोटावर उघडी जखम घेऊन त्याला जवळपास सतराशे ते अडीच हजार किलोमीटर प्रवास करावा लागेल. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या माणसाला त्याहून जास्त. तो पाच-सहा खेपांनंतर जाणे सोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि अर्धवट सोडलेले व्हॅक हे न लावलेल्या व्हॅकपेक्षा वाईट.

दुसरा प्रश्न पैशांचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण अशा योजना ऑपरेशनच्या पॅकेजवर चालतात. ऑपरेशन ही एका दिवसाची घटना, तर चिघळलेली जखम ही सहा आठवड्यांची प्रक्रिया. एकदाच मिळणाऱ्या रकमेत १४ ते २१ किटचा खर्च बसवायचा, तर रुग्णालय हात आखडता घेणार किंवा नातेवाइकांच्या हातात बाहेरची चिठ्ठी देणार. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत असले तरी कपाटात किट नसेल तर त्या मोफतचा उपयोग काय?

‘आधी डॉक्टर-नर्स द्या, मग यंत्रांचे बोला’, हा आक्षेप बरोबर आहे का?

अर्धा बरोबर आहे. नर्सच नसतील तर कोणतेही यंत्र धूळ खात पडणार. खरेदी झाली, उद्घाटन झाले, फोटो आले आणि मग सुट्या भागांअभावी यंत्र कोपऱ्यात गेले, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही.

पण याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की मनुष्यबळ कमी असेल तिथेच या पद्धतीचा फायदा जास्त आहे. दिवसाला तीन वेळा होणारे ड्रेसिंग तीन दिवसांत नऊ वेळा होते. व्हॅकमध्ये तेवढ्या काळात एक किंवा दोनदा. तो एक बदल जास्त वेळ खातो, कौशल्य मागतो, पण एकूण वेळ वाचतो. म्हणून प्रत्येक सर्जिकल वॉर्डात किमान दोन नर्स या कामात तरबेज करणे ही चैन ठरत नाही. त्यातून इतर रुग्णांसाठी हात मोकळे होतात.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, खरेदी यंत्रांची न करता बदलांची करावी. दहा पंप आणि शून्य किट यापेक्षा तीन पंप आणि वर्षभर पुरतील एवढे किट अधिक कामाचे. भिंतीवरच्या सक्शनला दाब नियंत्रक बसवणे हा त्याहून स्वस्त आणि तातडीचा उपाय.

दुसरी, योजनेच्या पॅकेजमध्ये प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे मोजावेत आणि रुग्ण घरी गेल्यानंतरचे बदलही त्यात धरावेत.

तिसरी, जालन्यातील शासकीय महाविद्यालयाने पुढाकार घेऊन तालुक्यांच्या उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील नर्सना प्रशिक्षण द्यावे. चिवट पडदा शाबूत असलेल्या साध्या जखमेचा स्पंज अंबडमध्ये किंवा परतूरमध्ये बदलता आला पाहिजे. उघड्या आतड्यांचा रुग्ण मात्र वेळ न दवडता मोठ्या केंद्रात गेला पाहिजे. ही सीमारेषा कागदावर लिहिलेली हवी.

चौथी, आणि सर्वांत स्वस्त, जखम चिघळू नये यासाठीची शिस्त. ऑपरेशनआधी केस वस्तऱ्याने काढू नयेत आणि प्रतिबंधक अँटिबायोटिक चिरा देण्यापूर्वीच्या दोन तासांत द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. यासाठी कोणते यंत्र लागत नाही. रुग्णालयाने संसर्गाचे आपले प्रमाण दर महिन्याला मोजले आणि फलकावर लावले तरी बरेच काही सुधारेल.

नातेवाइकांनी काय विचारावे, काय पाहावे?

डॉक्टरांना विचारा :
• पोटाचा आतला चिवट पडदा शाबूत आहे की उसवला आहे?
• सडका भाग पूर्ण काढला आहे का? आत पू नाही ना?
• स्पंजाचे किती तुकडे घातले? हा आकडा पट्टीवर आणि केसपेपरवर लिहून घ्या. बदलताना तेवढेच बाहेर आले का, ते पाहा.
• किती दिवस लावायचे, फरक दिसला नाही तर कधी थांबवायचे?
• खर्च योजनेत बसतो का? आरोग्यमित्राकडे चौकशी करा. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

लगेच नर्सला किंवा डॉक्टरला बोलवा :
• डब्यात किंवा नळीत लाल रक्त दिसले तर. आधी पंप बंद करा, ड्रेसिंग ओढू नका, जखमेवर दाब द्या.
• डब्यात हिरवे-पिवळे किंवा विष्ठेसारखे पाणी आले तर.
• ताप, थंडी, वाढती वेदना, भोवतीची कातडी लाल व गरम झाली तर.
• यंत्राचा अलार्म वाजत राहिला किंवा स्पंज फुगून मऊ झाला तर. याचा अर्थ ओढ बंद आहे.

आणि जेवण. उघड्या पोटातून निघणाऱ्या दर लिटर स्रावाबरोबर सुमारे १२ ग्रॅम प्रथिने वाहून जातात, म्हणजे दोन अंड्यांएवढी. जखम भरायला लागणारे साहित्यच असे डब्यात जात असते. ‘ऑपरेशन झाले आहे, पेज आणि वरणाचे पाणीच द्या’ हा सल्ला आठवडेच्या आठवडे पाळणे नुकसानीचे आहे. डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिली असेल तर अंडी, दूध, दही, घट्ट वरण, पिठले, शेंगदाणे, उसळ, जे घरात असेल ते भरपूर द्यावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

निष्कर्ष काय?

चिघळलेल्या पोटाच्या जखमेसाठी ऋण दाबाचे ड्रेसिंग उपयुक्त आहे, याला पुरावा आहे. ते चमत्कार नाही, यालाही पुरावा आहे. शहरातील मोठ्या रुग्णालयात ते मिळते म्हणून ते श्रीमंतांचे आणि जिल्ह्यात मिळत नाही म्हणून गरिबांनी गॉजवर भागवावे, ही वाटणी मान्य करण्याचे कारण नाही. तसेच केवळ पंप आणून ठेवला म्हणजे जबाबदारी संपली, हेही मान्य करता येणार नाही. जालन्यातील एखाद्या वॉर्डात ही सेवा खरोखर सुरू झाली की नाही, हे ओळखायला एकच प्रश्न पुरे : आज लावलेला स्पंज परवा कोण बदलणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला ड्रेसिंग लावण्यापूर्वी मिळायला हवे.